कराची ते मुंबई : ८७५ किलोमीटर, किती तास?

कराची आणि मुंबई विमानतळांचे अक्षांश-रेखांश एखाद्या प्रोग्रॅमला द्या. तो क्षणात सांगेल : सरळ अंतर साधारण ८७५ किलोमीटर. म्हणजे जेट विमानाने जेमतेम दीड तास. गणित बरोबर आहे, पण मधलं आकाश कोणाचं, हे त्या सूत्राला कळत नाही.

१९३२ साली हा प्रश्नच नव्हता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तो वेगळा झाला १९३६ मध्ये. कराचीहून मुंबईला येणं म्हणजे आपल्याच इलाख्याच्या राजधानीला येणं. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणतज्ज्ञांच्या नावाची शाळा आजही कराचीत उभी आहे, ती याच नात्यातून.

तेव्हा लंडनची हवाई टपाल कराचीला उतरायची आणि मुंबई-मद्रासच्या पत्रांना पुढे आगगाडी धरावी लागायची. हा वेळ वाचवण्यासाठी नेव्हिल व्हिन्सेंट आणि जे. आर. डी. टाटा यांनी हवाई टपालसेवा उभी केली. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जेआरडी एकटेच ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून कराचीच्या द्रिघ रोडवरून निघाले. सोबत टपालाची थैली, रेडिओ नाही. सरळ रेषा कच्छचं आखात आणि सौराष्ट्रावरून जाते, पण इंधनासाठी अहमदाबादला उतरणं भाग होतं. त्यामुळे अंतर झालं सुमारे १,०३० किलोमीटर. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकलं. एकूण सात तासांच्या आसपास. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी चिखलात जायची, मग विमानं पुण्याहून उडायची. या सेवेचीच पुढे एअर इंडिया झाली.

या उड्डाणाच्या तिसाव्या आणि पन्नासाव्या वर्षी, १९६२ आणि १९८२ मध्ये, जेआरडींनी ‘लेपर्ड मॉथ’मधून पुन्हा कराची-मुंबई उड्डाण केलं. दुसऱ्या वेळी ते ७८ वर्षांचे होते. मधल्या काळात फाळणी झाली, युद्धं झाली. तरी परवानग्या मिळवून एक म्हातारा वैमानिक छोटंसं विमान घेऊन तिकडून इकडे येऊ शकत होता.

आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. एप्रिल २०२५ पासून दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं. व्हिसा मिळालाच, तर दुबईमार्गे यायचं : कराची-दुबई सुमारे १,१९० किलोमीटर आणि दुबई-मुंबई १,९३०. एकूण ३,१२०. सरळ अंतराच्या साडेतीन पट. हवेतलेच पाच-सहा तास, आणि दुबईतला मुक्काम धरला की जेआरडींच्या सात तासांपेक्षाही जास्त.

प्रवास जलद झाला, जग लहान झालं, असं आपण सहज म्हणतो. बहुतेक मार्गांवर ते खरंही आहे. पण विमानाचा वेग इंजिनिअर वाढवतात. मार्ग उघडा ठेवायचा की नाही, हे सरकारं ठरवतात. ९० हून जास्त वर्षांत विमान कितीतरी पट वेगवान झालं, पण कराचीतल्या कोणाला मुंबईतल्या नातेवाइकाकडे यायला त्याचा काहीच उपयोग झालेला नाही.