आमचा संघ, आपला संघ : मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्यांचा मालकीविषयक वाद

१

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची सर्वनामे दोन आहेत. 'आम्ही' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यास वगळतो. 'आपण' म्हणताना तो त्यास आपल्यात घेतो. हा भेद इतर अनेक आर्यभारतीय भाषांत आढळत नाही आणि द्राविड भाषांशी झालेल्या प्राचीन संपर्काशी त्याचा संबंध जोडला जातो. इंग्रजीत तो मुळीच नाही. तेथे 'अवर क्लब' या एकाच शब्दप्रयोगात 'आमचा' आणि 'आपला' हे दोन्ही अर्थ दडलेले असतात.

व्याकरणातील या किरकोळ भासणाऱ्या भेदाचे स्मरण येथे करण्याचे कारण असे की, मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांत गेली कित्येक दशके चाललेला वाद नेमका याच भेदावर उभा आहे. गणवेश विकणारी कंपनी पाठीराख्यास सांगते, हा आपला संघ. पाठीराखा संचालक मंडळाकडे पाहून म्हणतो, हा आमचा संघ. या वादाला दोन तोंडे आहेत. एक, सदरे, गळपट्टे व इतर चिन्हांकित माल यांच्या विक्रीचे करार. दुसरे, संचालक मंडळाचे नेतृत्व. सामान्यतः हे दोन निरनिराळे विषय समजले जातात. ते वस्तुतः एकाच इतिहासाचे दोन टप्पे आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

इ. स. १८७८ मध्ये मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागातील लँकाशर अँड यॉर्कशर रेल्वेच्या कामगारांनी हा संघ स्थापन केला. त्याचे रंग हिरवा व सोनेरी होते. १९०२ मध्ये संघ दिवाळखोरीच्या काठावर आला असता जे. एच. डेव्हिस या मद्य-उत्पादकाने त्याला हात दिला. त्याच वर्षी संघाचे नाव मँचेस्टर युनायटेड झाले आणि तांबडा रंग आला. म्हणजे धनिकाच्या आश्रयाने नाव व रंग बदलणे ही अलीकडची गोष्ट नव्हे. आजचे पाठीराखे ज्या तांबड्या रंगासाठी जीव टाकतात तो अशाच एका बदलाची देणगी आहे.

तथापि त्या काळच्या धनिकावर एक बंधन होते. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमानुसार क्लब कंपनी म्हणून नोंदला तरी भागधारकांना द्यावयाच्या लाभांशावर मर्यादा होती. १९२० नंतर ती कित्येक दशके साडेसात टक्के राहिली. संचालकांना वेतन घेण्यास मनाई होती. क्लब मोडल्यास उरलेली मालमत्ता भागधारकांत वाटून घेता येत नसे. हा नियम पुढे 'नियम ३४' म्हणून प्रसिद्ध झाला. त्याचा इत्यर्थ असा की, संचालक हा कायद्याने मालक असला तरी व्यवहारात विश्वस्त होता. त्याला मान मिळे, सामन्याच्या दिवशी खास आसन मिळे. पैसा मात्र मिळत नसे. अशा संचालकाने 'आपला क्लब' म्हटले तर पाठीराख्यास त्यात खोट दिसत नसे.

१९८१ मध्ये पूर्णवेळ संचालकास वेतन घेण्याची मुभा मिळाली. १९८३ मध्ये टॉटनम हॉटस्परने स्वतंत्र धारक कंपनी काढून तिचे भाग शेअर बाजारात विकले. नियम ३४ क्लबला लागू होता, धारक कंपनीला नव्हता. या पळवाटेने विश्वस्ताचा मालक झाला.

३

याच काळात सदराही बदलला. १९७० च्या दशकापर्यंत पाठीराख्याची खूण म्हणजे घरी विणलेला गळपट्टा वा एखादा बिल्ला. खेळाडूचा सदरा हे कामाचे कापड होते. त्यावर विक्रीचा हक्क सांगावा असे त्यात काही नव्हते. लेस्टरच्या ॲडमिरल या कंपनीने प्रथम लीड्स युनायटेडशी व पुढे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाशी करार करून ही स्थिती पालटली. कंपनी क्लबला पैसे देणार, सदऱ्यावर स्वतःची मुद्रा उमटविणार, आणि त्याची हुबेहूब प्रतिकृती मुलांना विकणार, असा तो व्यवहार होता. १९७५ मध्ये मँचेस्टर युनायटेडनेही ॲडमिरलचा सदरा अंगी घातला. १९८२ मध्ये शार्प या विद्युत-उपकरणांच्या कंपनीचे नाव छातीवर आले.

१९८९ मध्ये मायकेल नाइटन या उद्योजकाने २ कोटी पौंडांचा क्लब-खरेदीचा प्रस्ताव मांडला, तो बारगळला. १९९१ मध्ये युनायटेड शेअर बाजारात उतरली. १९९२ मध्ये टॉटनमच्या माल-विक्रीचा अनुभव असलेले एडवर्ड फ्रीडमन युनायटेडमध्ये आले आणि क्लबच्या दुकानाचे रूपांतर मोठ्या व्यवसायात झाले. गणवेशांची संख्या वाढली. मुलगा मागे लागला की बापाला नवा सदरा घ्यावा लागे. या गाऱ्हाण्याला पुढे कायद्याचा दुजोरा मिळाला. २००३ मध्ये ब्रिटनच्या निष्पक्ष-व्यापार कार्यालयाने प्रतिकृती-सदऱ्यांच्या किमती संगनमताने चढ्या ठेवल्याबद्दल उत्पादक, दुकानदार आदी दहा संस्थांना मिळून १ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. त्यांत मँचेस्टर युनायटेडही होती.

येथे दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १९९९ मध्ये युनायटेडने लीग, एफ. ए. चषक आणि युरोपीय चषक ही तीनही विजेतेपदे एकाच हंगामात मिळविली. त्या यशाचे प्रमुख कारण ॲलेक्स फर्ग्युसन यांचे मार्गदर्शन हे खरे. पण खेळाडू राखण्यास व विकत घेण्यास लागणाऱ्या पैशाचा काही भाग दुकानातूनही आला होता. सदरा घेणारा पाठीराखा केवळ फसविला जात होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आपण दिलेला पैसा संघालाच मिळतो हा त्याचा विश्वास त्या वेळी बराचसा खरा होता.

४

परंतु ज्या निष्ठेतून हमखास उत्पन्न मिळते, त्या निष्ठेलाही बाजारात किंमत येते. सप्टेंबर १९९८ मध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने ६२ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेण्याचा प्रस्ताव मांडला. पाठीराख्यांनी भागधारकांची संघटना उभारली, मक्तेदारी आयोगापुढे बाजू मांडली, आणि एप्रिल १९९९ मध्ये सरकारने हा व्यवहार रोखला. हा त्यांचा मोठा विजय होता. तो मिळाला मात्र स्पर्धेच्या कायद्याखाली. पाठीराख्यांचा क्लबवर काही हक्क आहे, असे त्या निर्णयाने मुळीच म्हटले नव्हते.

नोव्हेंबर २००० मध्ये नायकी कंपनीशी करार झाला : २००२ पासून १३ वर्षे, ३० कोटी ३० लाख पौंड. या कराराने माल-विक्रीचा कारभारच मोठ्या प्रमाणात नायकीकडे गेला. पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न कागदावर निश्चित झाले. निश्चित उत्पन्नावर कर्ज मिळते, हे सावकारीचे जुने सूत्र आहे.

मे २००५ मध्ये अमेरिकेतील माल्कम ग्लेझर व त्यांच्या कुटुंबाने क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. या रकमेचा मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बराच भार, तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबवरच टाकण्यात आला. म्हणजे ज्याची खरेदी झाली त्यानेच स्वतःच्या खरेदीची किंमत फेडावयाची. येथे सदऱ्याचा अर्थ पालटला. काल सदरा घेणे म्हणजे संघाला हातभार लावणे होते. आता त्या पैशातून मालकाच्या कर्जाचे व्याजही भरले जाऊ लागले. माल-विक्रीचा प्रश्न आणि संचालक मंडळाचा प्रश्न या बिंदूपाशी एकरूप झाला.

मग करावयाचे काय? पाठीराख्यांत तीन पक्ष पडले. एकाने क्लबच सोडला आणि त्याच वर्षी एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा नवा संघ काढला. तेथे प्रत्येक सभासदास एक मत, आणि सदऱ्यावर कोणाही पुरस्कर्त्याचे नाव नाही. दुसऱ्याने मैदानात राहून दुकानावर बहिष्कार घालावा असे म्हटले. तिसऱ्याचे म्हणणे असे की, मालक येतील व जातील. पैसा आटला तर संघ दुबळा होईल आणि शिक्षा आपल्यालाच होईल. एकाच घरातील भावंडे या तीन पक्षांत विभागली जावीत असा हा पेच होता. त्यातील प्रत्येक पक्षाचे म्हणणे निष्ठेतूनच निघत होते, हे विशेष.

५

जानेवारी २०१० मध्ये क्लबने सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे विक्रीस काढले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीतून मालक-कंपनीवरील एकूण कर्ज ७० कोटी पौंडांच्या वर असल्याचे सर्वांस दिसले. त्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या सज्जांत एकाएकी हिरवे-सोनेरी गळपट्टे दिसू लागले. ते न्यूटन हीथचे रंग होते. हे गळपट्टे क्लबच्या दुकानातील नव्हते. मैदानाबाहेरच्या विक्रेत्यांकडे ते मिळत, आणि त्यांतील एक पेनीही मालकाकडे जात नसे. १० मार्च २०१० रोजी मिलानकडून खेळावयास आलेले डेव्हिड बेकहॅम यांनी सामना संपल्यावर मैदानात आलेला असा गळपट्टा उचलून गळ्यात घातला आणि ते छायाचित्र जगभर गेले. क्लबची मालकी हा आपला प्रश्न नव्हे, असे मात्र त्यांनी नंतर सांगितले.

भाषाभ्यासकाला या घटनेत रस वाटतो तो असा. चिन्हाचा अर्थ त्याच्या प्रतियोगी चिन्हावरून ठरतो. तांबडा रंग मालकाच्या दुकानातला झाल्यावर 'आमचा' म्हणण्यास दुसरा रंग हवा होता. इंग्रजी सर्वनामाने जो भेद दाखविता येत नव्हता तो पाठीराख्यांनी लोकरीच्या दोन रंगांनी दाखविला. तांबडा म्हणजे आपला. हिरवा-सोनेरी म्हणजे आमचा.

या कथेला एक उपरोधिक पदरही आहे. न्यूटन हीथचे रंग अनेक पाठीराख्यांना ठाऊक होते ते १९९२ मध्ये निघालेल्या हिरव्या-सोनेरी तिसऱ्या गणवेशामुळे. लीग-प्रवेशाच्या शताब्दीनिमित्त क्लबनेच तो बाजारात आणला होता. दुकानाने विकलेली स्मृती अठरा वर्षांनी दुकानाविरुद्ध उभी राहिली. मालाचा उपयोग विकणाऱ्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही.

६

आंदोलनाने मालक हलले नाहीत. संघ जिंकत होता; २०११ व २०१३ ची लीग-विजेतेपदे त्यानंतरचीच. २०१२ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. तेथेही कुटुंबाकडील प्रत्येक भागास दहा मते, तर सामान्य भागास एक, अशी व्यवस्था होती. २०१३ मध्ये कारभाराचे मुख्य सूत्रधार झालेले एड वुडवर्ड हे पूर्वी बँकेत होते आणि २००५ च्या खरेदीत ग्लेझर कुटुंबाचे सल्लागार होते. त्यांच्या काळात आदिदासशी १० वर्षांसाठी ७५ कोटी पौंडांचा करार झाला. करार विक्रमी होत गेले. लीगचे विजेतेपद मात्र २०१३ पासून २०२५ पर्यंत एकदाही आले नाही. 'पैसा येतो म्हणजे संघ बळकट होतो' हा तिसऱ्या पक्षाचा युक्तिवाद येथे लटका पडला.

१८ एप्रिल २०२१ रोजी युरोपीय सुपर लीगची घोषणा झाली आणि दोनच दिवसांत इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. वुडवर्ड यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. २ मे रोजी पाठीराखे ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात शिरले व लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. हिरवे-सोनेरी गळपट्टे त्या दिवशीही होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी एक चतुर्थांशाहून अधिक भाग घेतला आणि खेळाचा कारभार त्यांच्याकडे गेला. बहुमत ग्लेझर कुटुंबाकडेच राहिले.

२०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने फुटबॉलच्या नियमनाचा कायदा संमत केला. क्लबचे बोधचिन्ह व मुख्य गणवेशाचा रंग पाठीराख्यांच्या संमतीविना बदलू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. कर्जाचे व भागांचे स्वामित्व जिथल्या तिथेच राहिले. पण रंग व चिन्ह यांपुरता 'आमचा' हा शब्द कायद्याने प्रथमच ऐकला. १९०२ मध्ये न्यूटन हीथच्या कामगारांना हे कोणी विचारले नव्हते.

षष्ठी विभक्ती स्वामित्व दाखविते तशीच संबंधही दाखविते. 'माझे शेत' व 'माझे गाव' यांत प्रत्यय एकच, अर्थ भिन्न. शेत विकता येते, गाव विकता येत नाही. मँचेस्टरच्या पाठीराख्यांचा वाद इतकाच आहे की, क्लब हा शेत आहे की गाव. नियम ३४ असेपर्यंत या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज पडली नाही. तो गेल्यावर दुसऱ्या कोणी तरी ते द्यावे लागणार होते. ते प्रथम दिले मैदानाबाहेर गळपट्टे विकत घेणाऱ्यांनी.