जादूच्या शाळेचा मूळ पत्ता

रोलिंगबाईंनी हॅरी पॉटरची शाळा कुठून उचलली, हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. कुणी जिल मर्फी यांच्या ‘द वर्स्ट विच’कडे (१९७४) बोट दाखवते, कुणी उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’कडे (१९६८). मला तिचा मूळ पत्ता इंग्लंडातल्या रग्बी गावचा वाटतो, आणि तिथे जादू औषधालाही नव्हती.

टॉमस ह्यूज हे रग्बीच्या शाळेत हेडमास्तर आर्नल्ड यांच्या हाताखाली शिकले. १८५७ साली त्यांची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी आली. घरापासून दूरचे वसतिगृह, घोडागाडीने आलेला नवखा मुलगा, पहिल्याच दिवशी भेटलेला ईस्ट नावाचा दोस्त, फ्लॅशमनसारखा दांडगट, सामन्यांचे वेड आणि धाक वाटावा तरी आधारही वाटावा असा हेडमास्तर. घोडागाडीच्या जागी आगगाडी घाला, फुटबॉलच्या जागी क्विडिच; हॉगवर्ट्स जवळजवळ उभे राहते. टॉम आणि ईस्टची दोस्ती नियम मोडता मोडता पक्की होते. हॅरी, रॉन आणि हर्मायनीचीही तशीच: राक्षसाच्या प्रसंगानंतर हर्मायनी दोघांसाठी शिक्षकांशी चक्क खोटे बोलते. मर्फीबाईंनाही आपल्या कॉन्व्हेंट शाळेतच चेटकिणींचे वर्ग दिसले. तेव्हा चोरीचा आरोप मला पटत नाही. हा वाडा सामाईक आहे.

ले ग्विन यांचे प्रकरण निराळे. १९६७ साली पार्नासस प्रेसच्या प्रकाशकांनी त्यांच्याकडे मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितले. गोष्टींतले जादूगार सगळे पांढऱ्या दाढीचे. मग पोरवयात ते कुठे शिकले, असा त्यांना प्रश्न पडला. त्यातून रोक बेटावरची शाळा आली. तिथला गेड, जॅस्परवरच्या ईर्ष्येपायी, मृतात्म्याला बोलावतो आणि एक सावली जगात मोकळी सुटते. त्याला वाचवताना शाळेचे प्रमुख प्राणाला मुकतात. इथे शिक्षा म्हणून गुण कापले जात नाहीत. चेहऱ्यावर व्रण राहतात, वर्गसोबती पुढे निघून जातात.

त्या पडत्या काळात वेच नावाचा मित्र, शाळा सोडून जाताना, गेडला आपले खरे नाव सांगतो. अर्थसीत खरे नाव कळले की माणूस समोरच्याच्या मुठीत येतो. गेडही आपले नाव सांगतो. वर्षांनंतर सावलीच्या शोधात तो भर समुद्रात निघतो, तेव्हा होडीत वेच असतो.