सातासमुद्रापार गेलेले विरजण

इ. स. १८४० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या एका उपनगरात जॉन वॅग्नर नावाच्या जर्मन गृहस्थाने आपल्या घरामागे बिअर करायला सुरुवात केली. बव्हेरिया प्रांतात त्याचा हाच व्यवसाय होता. इथली साधने मात्र अगदी बेताची होती. उघड्या चुलीवर तुळईला टांगलेले, आठेक पिंपे मावतील असे एक भांडे आणि माल साठवायला घराखालचे तळघर, एवढाच त्याचा पसारा. तरीही अमेरिकेतील ‘लागर’ बिअरचा इतिहास सहसा याच घरापासून सुरू केला जातो. याला कारण वॅग्नरचे कसब नव्हे, तर त्याने मायदेशाहून सांभाळून आणलेले विरजण, म्हणजेच यीस्ट.

विरजण हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. दूध कुठेही मिळते, पण आपल्या घरच्या चवीचे दही हवे असेल तर घरचेच विरजण लागते. बिअरचेही तसेच आहे. जव भिजवून मोड आणले की दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते व ते पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागते. मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ होते, ती याच विकरामुळे. असे मोड आलेले जव वाळवून, भरडून कोमट-गरम पाण्यात ठेवले की गोड अर्क मिळतो. त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात. अर्क थंड झाल्यावर यीस्ट मिसळले की ते साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते.

थंडीत काम करणारे यीस्ट

अमेरिकेत तोवर इंग्रजी पद्धतीची ‘एल’ बिअर होत असे. तिचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करते आणि फेसाबरोबर वर येते. वॅग्नरने आणलेले यीस्ट ८ ते १४ अंशांतही संथपणे काम करी व शेवटी तळाशी बसे. त्यानंतर ही बिअर कित्येक आठवडे थंड तळघरात मुरवावी लागे. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवणे. बिअरचे नाव त्यावरूनच पडले.

असे थंडी सोसणारे यीस्ट बव्हेरियातच का रुजले? उन्हाळ्यात केलेली बिअर जंतूंमुळे लवकर आंबट होई. म्हणून १५५३ मध्ये तिथल्या शासकाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यावर बंदी घातली. मग सर्व काम हिवाळ्यात होऊ लागले. दर खेपेचा तळाचा गाळ पुढच्या खेपेत जाई. थंडीत तग धरणारे यीस्टच त्यात टिकणार, हे उघड आहे. पिढ्यानुपिढ्या नकळत चाललेली ही निवडच होती.

या थंडीच्या गरजेने माणसांच्या चालीरीतीही घडवल्या. म्युनिकमधील बिअरवाल्यांनी नदीकाठच्या उंचवट्यात तळघरे खोदली. ती उन्हाने तापू नयेत म्हणून वर खडी पसरली आणि दाट सावलीची चेस्टनटची झाडे लावली. लोक त्याच सावलीत बसून बिअर पिऊ लागले. शहरातील खाणावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ साली राजाने तोडगा काढला. तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण खाण्यापैकी फक्त पावच द्यावा. त्यामुळे लोक घरून शिदोरी बांधून आणू लागले. मुलाबाळांसह बागेत बसून आपली शिदोरी सोडण्याची ही प्रथा म्युनिकमध्ये आजही आहे.

यादीत नसलेला घटक

जर्मनांना ज्या नियमाचा फार अभिमान वाटतो तो बव्हेरियाचा १५१६ सालचा शुद्धतेचा नियम. बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही असू नये, असे तो सांगतो. या यादीत यीस्ट नाही! गाळाचा उपयोग कारागिरांना ठाऊक होता, पण तो काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते. यीस्ट सजीव आहे हे १८३७ च्या सुमारास कान्यार-लातूर, श्वान आणि क्युट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवले. पण त्या काळचे मातब्बर रसायनशास्त्रज्ञ लीबिग आणि व्होलर यांना ते पटले नाही. १८३९ मध्ये त्यांनी एका निनावी लेखात यीस्टचे चिमुकले प्राणी साखर खाऊन अल्कोहोल विसर्जित करतात, असे वर्णन करून या कल्पनेची टर उडवली. त्याच सुमारास वॅग्नरसारखा कारागीर ते यीस्ट जिवंत राहावे म्हणून जपत होता. शिडाच्या जहाजांना अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागत. तेवढ्या काळात यीस्ट सहज मरून जाई.

रविवारची बाग

पुढच्या दोन दशकांत लक्षावधी जर्मन लोक अमेरिकेत आले. सेंट लुईसमध्ये त्यांनी नैसर्गिक गुहांचा तळघरासारखा उपयोग केला. बिअरबरोबर बागाही आल्या. रविवारी दुपारी तिथे संगीत असे आणि सहकुटुंब गप्पा रंगत. पण अनेक जुन्या अमेरिकनांच्या मते रविवार हा केवळ प्रार्थनेचा दिवस होता. दारूपायी होणारी संसाराची धूळधाण पाहिलेले सुधारकही त्यांच्यात होते, आणि परकीयांचा निव्वळ द्वेष करणारेही. १८५५ मध्ये शिकागोचे महापौर लेव्ही बून यांनी रविवारच्या विक्रीवरील बंदी कडकपणे अमलात आणली व परवान्याचे वार्षिक शुल्क ५० डॉलरवरून ३०० डॉलर केले. २१ एप्रिलला जर्मन रहिवासी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला व एकाचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी बून यांच्या पक्षाची शहरातील सत्ता गेली. १९२० ते १९३३ या काळात तर सबंध देशातच दारूबंदी होती. ती उठल्यावरही घरी बिअर करणे कायदेशीर नव्हते. वॅग्नरने घरामागे जे केले, त्याला देशाच्या कायद्याने परवानगी मिळाली ती १९७८ साली मंजूर झालेल्या कायद्यामुळे.

शुद्ध बिअर, संकरित यीस्ट

म्युनिकचे यीस्ट दुसऱ्या दिशेनेही गेले होते. १८४५ मध्ये डेन्मार्कच्या याकोबसेन यांनी ते कोपनहेगनला नेले. पुढे त्यांनी स्थापन केलेल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून यीस्टची शुद्ध वाढ मिळवली. हे तंत्र गुप्त न ठेवता सर्वांना खुले करण्यात आले.

यानंतरच्या संशोधनाने वेगळीच गोष्ट उघड केली. हे ‘शुद्ध’ यीस्ट दोन जातींचा संकर आहे. एक पालक नेहमीचे, पाव फुगवणारे यीस्ट. दुसरा, थंडी सोसणारा पालक २०११ पर्यंत अज्ञात होता. त्या वर्षी तो दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात सापडला, २०१४ मध्ये तिबेटमध्ये आणि २०२२ मध्ये आयर्लंडमध्येही. १६०२ च्या सुमारास म्युनिकच्या राजवाड्याच्या ब्रूअरीत गव्हाच्या बिअरचे यीस्ट आले आणि तिथे हा संकर घडला असावा, असा तर्क २०२३ मध्ये काही संशोधकांनी मांडला आहे. म्हणजे शुद्धतेचा अभिमान ज्या बिअरबद्दल बाळगला गेला, ती बिअर मुळात एका मिश्रणाची देणगी आहे. आणि ती जगभर गेली ती परमुलखात जाणाऱ्यांच्या सामानातून.

वर्गात करून पाहा

तीन सारख्या बाटल्यांत सारखेच साखरेचे पाणी घ्या. प्रत्येकीत एक चमचा बेकरीतले यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधा. एक बाटली बर्फाच्या पाण्यात, दुसरी वर्गातल्या तपमानाला व तिसरी कोमट पाण्यात ठेवा. दर दहा मिनिटांनी फुगे किती फुगले याची नोंद करा. नंतर मुलांना विचारा : बर्फातल्या बाटलीतही सावकाश का होईना, पण काम करणारे यीस्ट हवे असेल, तर ते कसे मिळवाल? बव्हेरियातील कारागिरांनी काय केले, हे त्यानंतर सांगा.