शातकर्णीचें गलबत

ग्रीसमधील बिओशिया प्रांतांत ख्रिस्तपूर्व ८ व्या शतकांत वस्त्र अडकविण्याच्या ब्राँझच्या अलंकारवजा पिनांवर गलबतें कोरीत. आपल्याकडे धातूवरील प्रसिद्ध गलबत अलंकारावर नसून नाण्यावर आहे. आणि तें ज्या यज्ञश्री शातकर्णीचें मानतात, त्याचें एक नाणें मुंबईच्या अगदीं उंबरठ्यावर निघालें. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा स्तूप खणला. तेथील करंडक पुढें टाउन हॉलांत एशियाटिक सोसायटीकडे आले. त्यांच्यासोबत निघालेलें हें नाणें चांदीचें. पण त्यावर राजाचें मस्तक आहे, गलबत नाहीं! वास्तविक सोपारें हें नामांकित बंदर. दोन डोलकाठ्यांचें गलबत उमटलें तें दूर पूर्वेस, चोलमंडल किनाऱ्याकडील शिशाच्या नाण्यांवर.

याचें कारण दर्यांत शोधण्यापेक्षां बाजारांत शोधावें हें बरें. पश्चिमेकडे क्षत्रपांचीं राजमुखाचीं चांदीचीं नाणीं चालत. तो घाट मूळ ग्रीकांचा. हातांत रुळलेल्या रूपाचेंच नाणें पेढीवर बिनतक्रार घेतलें जाणार. पूर्वेकडील शिशाला असली अडचण नसावी. तेव्हां गलबत पाहतांच सातवाहनांच्या आरमाराचीं वर्णनें करण्याची घाई कशाला? त्या शिक्क्यावर डोलकाठ्या व दोर दिसतात. योद्धा एकही दिसत नाहीं.