अवकाळी वादळ : घराची पूर्वतयारी आणि नंतरची सावरासावर

खडकावर बांधलेल्या आणि वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी दिला (मत्तय ७:२४-२७). पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखेच येतात. फरक असतो तो आधी केलेल्या तयारीचा. वाशिम-पुसद मार्गावरील अनसिंग आणि आसपासच्या गावांतील कुटुंबांनी उन्हाळा सुरू होताच हा दाखला आठवावा, कारण मार्च ते जून हे महिने आपल्याकडे अवकाळी वादळांचे असतात.

आपल्याकडील वादळाचे स्वरूप

३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाची सूचना कोकणाला आधीच मिळाली होती. विदर्भातील वादळ वेगळे असते. तापलेल्या जमिनीवरील दमट हवा वर चढते आणि काही तासांतच गडगडाटी ढग तयार होतो. त्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. हाच तो सोसाट्याचा वारा. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्ह्यांसाठी इशारे देते. परंतु वादळ नेमके कोणत्या भागावर येणार, हे बहुधा दोन-तीन तास आधीच कळते. तेवढ्या वेळात नव्याने काही ठरविणे कठीण जाते. म्हणून निर्णय आधीच झालेले असावेत.

आसरा कोठे घ्यावा

९ एप्रिल २०२३ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात एका मंदिराच्या परिसरातील जुना कडुनिंब पत्र्याच्या शेडवर कोसळला. धार्मिक कार्यक्रमासाठी आलेले भाविक त्या शेडखाली होते. त्यांतील सात जणांचा मृत्यू झाला. मोठ्या झाडाची सावली आणि टिनांचे छप्पर या दोन्ही गोष्टी आपल्याला उन्हापावसात आधार देतात. वादळात मात्र त्याच जीवघेण्या ठरू शकतात. मंदिर असो, चर्चचा मंडप असो वा लग्नाचा शामियाना, हा धोका सर्वत्र सारखाच आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराजवळची पक्क्या स्लॅबची जागा आताच ठरवून ठेवावी. स्वतःची नसल्यास शेजाऱ्याची खोली, शाळा किंवा समाजमंदिर यांपैकी काय वेळेवर उघडे मिळेल, याची चौकशी करावी. ही जागा घरातील लहान मुलांनाही ठाऊक असावी.

वादळापूर्वीची तयारी

१. छप्पर : वारा टिनांच्या खाली शिरून ती वर उचलतो. टिनांवर दगड ठेवण्याची रीत धोक्याची आहे. टिन उचलले गेले की तेच दगड घरातल्यांवर पडतात. टिने आकड्यांनी लोखंडी अँगलला आणि अँगल भिंतीत घट्ट बसवावेत. बाळाचा पाळणा टिनांच्या अँगलला कधीही बांधू नये.

२. झाडे : घरावर किंवा गोठ्यावर झुकलेल्या वाळक्या फांद्या मार्चपूर्वी उतरवाव्यात. झाड सार्वजनिक जागेवर असल्यास ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.

३. कागदपत्रे : आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, सातबारा आणि बाप्तिस्म्याचा दाखला एका जाड प्लास्टिक पिशवीत ठेवावा.

४. धान्य व चारा : सोयाबीन, तूर, हरभरा यांची पोती जमिनीपासून उंच, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवावीत. कुटार ताडपत्रीने झाकून दोराने बांधावे.

५. जनावरे : वादळाची चिन्हे दिसताच झाडाखालची जनावरे सोडवावीत.

६. प्रकाश : बॅटरी व भारित केलेला मोबाईल जवळ असावा. आशीर्वादित मेणबत्ती लावून प्रार्थना करताना ती पडदे, कुटार व गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावी.

विजेपासून बचाव

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून तत्काळ पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते.

वादळ ओसरल्यावर

प्रथम घरातील माणसे मोजावीत. जखमींसाठी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, इतरांनाही जाऊ देऊ नये आणि १९१२ वर वीज कंपनीला कळवावे. भिंती ओल्या असतील तर मुख्य बटण बंदच ठेवावे. विहिरीत गढूळ पाणी शिरले असल्यास पाणी उकळूनच प्यावे व ग्रामपंचायतीकडून विहिरीत टीसीएल पावडर टाकून घ्यावी. भिजलेले धान्य पातळ पसरून वाळवावे. बुरशी आलेले धान्य माणसांना वा जनावरांना देऊ नये.

आवराआवर करण्याआधी छप्पर, भिंती, धान्य आणि जनावरे यांची छायाचित्रे काढावीत. पावसापासून बचावासाठी ताडपत्री लगेच टाकावी. परंतु मोडतोड हलविण्यापूर्वी ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (पूर्वीचे तलाठी) कळवून पंचनामा करून घ्यावा. मृत जनावराचे शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून झाल्यावरच ते पुरावे. पंचनाम्यात आपले नाव व नुकसान बरोबर लिहिले आहे का, हे वाचून पाहावे. पीक विम्याच्या अटी बदलत असतात; त्या वर्षीच्या पावतीवरील अटी व मुदत पाहूनच सूचना द्यावी.

शेजारधर्म

एकट्या राहणाऱ्या विधवा, वृद्ध व अपंग यांना वादळाची सूचना सहसा उशिरा मिळते, आणि पंचनाम्याच्या वेळी त्यांच्या बाजूने बोलणारेही कोणी नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हवामानबदलाचा सर्वाधिक भार गरिबांवर पडतो याकडे लक्ष वेधले होते. आपल्या लहान ख्रिस्ती समूहांनी मार्चपूर्वी अशा घरांची यादी करावी आणि प्रत्येक घराची जबाबदारी एका कुटुंबावर सोपवावी. ते घर ख्रिस्ती आहे की नाही, हे पाहू नये. दयाळू शोमरोनी माणसानेही जखमीला त्याचा धर्म विचारला नव्हता.

वादळ शांत करणाऱ्या प्रभूवर भरवसा ठेवू या, आणि आपल्या हाती असलेले काम वेळेवर करू या.