वट्यातली सुकडी

हजेरीपटावर आजीचं नाव ‘सगुणा भ्र. म्हादू’ असं होतं. भ्र. म्हणजे भ्रतार. आजीला वाचता येत नव्हतं, पण कारकून नाव पुकारायचा तेव्हा आपल्या नावामागोमाग मालकाचं नाव येतं, हे तिला ऐकून पाठ झालं होतं.

१९७२चा दुष्काळ. सोलापूरकडच्या आमच्या गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. आजोबा कुदळीने खणायचे, आजी मातीच्या पाट्या वाहायची, आणि सहा वर्षांची आत्या बाभळीला बांधलेल्या झोळीत धाकट्या काकांना झोका द्यायची. पगाराच्या दिवशी अंगठे दोघांचे घ्यायचे, मजुरी मात्र एकत्र मोजून आजोबांच्या हातावर ठेवायचे. आजोबांना कसलं व्यसन नव्हतं, हे आवर्जून सांगायला हवं. पैसा जायचा तो सावकाराकडे, बैलांच्या कडब्याला, भावकीतल्या लग्नाच्या आहेराला. उरल्यावर घरात मिलो यायचं. बाहेरदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची.

कामावर सुकडीही मिळायची. गोडसर, कोरडी. ती मात्र थेट बायकांच्या ओच्यात पडायची. आजी त्यातली मूठभर पदराच्या गाठीत बांधून ठेवायची आणि रात्री लेकरू उठलं की पाण्यात कालवून भरवायची. “पैका मालकाच्या हातात, सुकडी माझ्या वट्यात,” ती म्हणायची. “मग ल्येकरं कशावं जगली, तूच सांग.”

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ साली कायदा झाली, १९७९मध्ये अमलात आली. बाईला पुरुषाच्याच दराने मजुरी, हे फार मोठं काम त्या योजनेनं केलं. पण मजुरी घ्यायला पुढे व्हायचे ते आजोबाच.

कॉलेजात असताना मी एलिनॉर रॅथबोनबद्दल वाचलं आणि सुट्टीत आजीला सांगितलं. इंग्लंडातली ही बाई. आपल्याकडच्या बालविवाहांवरही तिनं १९३४ साली पुस्तक लिहिलं होतं. मुलांसाठीचा भत्ता सरकारनं द्यावा म्हणून ती पंचवीसेक वर्षं झगडली. १९४५ साली विधेयक आलं, तर त्यात पैसे बापाच्या नावावर! रॅथबोन पार्लमेंटमध्ये भांडली, सरकारला माघार घ्यावी लागली आणि भत्ता आईच्या हाती द्यायचं ठरलं. दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी आठवड्याला पाच शिलिंग. वाटप ऑगस्ट १९४६मध्ये सुरू झालं. रॅथबोन त्याच वर्षी जानेवारीत गेली होती. आजी तांदूळ निवडत ऐकत होती. “तिला स्वतःला ल्येकरं किती?” तिनं विचारलं. एकही नाही म्हटल्यावर तिचा हात सुपावरच थांबला.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख ठरली. आमच्या घरात ती आजी. नवं कार्ड आलं तेव्हा तिनं माझ्याकडून आपलं नाव दोनदा वाचून घेतलं.

मग वहिनीच्या पहिल्या बाळंतपणात मातृवंदना योजनेचे पैसे तिच्या खात्यात आले, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये ‘लाडकी बहीण’चे पहिले दोन हप्ते, ३००० रुपये. वयाची अट पासष्टची, त्यामुळे आजी त्यात बसत नव्हती. निवडणूक, तिजोरी यांवरचे वाद मलाही ठाऊक आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. पण पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होणार, ही अट कुणी सैल करू नये असं मला कळकळीनं वाटतं. मुलाची वही कधी संपली, कुणाची चप्पल तुटली, हे आमच्या घरात वहिनीलाच आधी कळतं.

त्या दिवशी दादानं ओसरीवरून हाक मारली, “अगं, पैसे आले बघ तुझे.” वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. आजी खाटेवर पडून होती. ती उठून बसली.

“तिचं पैसं, मग सांगावा तुझ्या फोनवर कसा?”

बँकेत दादाचाच नंबर दिलेला होता. त्याच्या मनात काही नव्हतं; फॉर्म त्यानं भरला, नंबरही त्याचाच पडला. दुसऱ्या दिवशी वहिनी पासबुक आणि आधार कार्ड पिशवीत घालून स्वतःचा नंबर जोडायला गेली. सोबत मी होतो, धाकटा तिच्या कडेवर. बँकेबाहेर बायकांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती.