इंग्लंडमधील स्वमग्न तरुण व शालेयोत्तर शिक्षण

लिओ कॅनर याने स्वमग्नतेचे वर्णन करणारा आपला निबंध अमेरिकेत १९४३ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने शिक्षणविषयक कायदा संमत केला. माध्यमिक शिक्षण सर्वांस खुले करणारा म्हणून या कायद्याचा गौरव होतो व तो यथार्थही आहे. तथापि त्याच्या ५७ व्या कलमान्वये काही मुले शाळेत शिकण्यास असमर्थ ठरवून आरोग्य-अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली जात. अनेक स्वमग्न मुलांची वाट याच कलमातून गेली.

१९६२ साली पालकांनी आपली संस्था स्थापन केली व १९६५ साली लंडनमधील ईलिंग येथे सिबिल एल्गर यांच्या नेतृत्वाखाली शाळा काढली. शासनाने मात्र हे अपवर्जन १९७० च्या कायद्याने, म्हणजे एप्रिल १९७१ पासून, रद्द केले. तोवर शाळेतील पहिली मुले तरुण होऊ लागली होती. त्यांच्यासाठी संस्थेने १९७४ साली सॉमरसेट कोर्ट उघडले. ते कॉलेज नव्हते; प्रौढांचे निवासस्थान होते. यासाठी पालकांस दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्या पश्चात मुलाच्या नशिबी मनोरुग्णालय येईल, हे भय त्यांच्यापुढे होते. परंतु शाळेनंतर आसरा हवा आणि शिक्षण संपले, ही समजूत त्यातून दृढ झाली, असे म्हणावे लागते.

वॉर्नॉक समितीने १९७८ साली सोळा वर्षांवरील तरुणांची सोय आपल्या तीन अग्रक्रमांत घातली. १९८१ च्या कायद्याने तिच्या अहवालातील शालेय भाग उचलला व हा भाग जवळजवळ वगळला. विद्यार्थ्याच्या विशेष गरजांचे अधिकृत निवेदन शाळेत एकोणिसाव्या वर्षापर्यंत चाले. तोच विद्यार्थी सोळाव्या वर्षी धंदेशिक्षणाच्या स्थानिक कॉलेजात गेला, की ते संपुष्टात येई. संरक्षण विद्यार्थ्याला नव्हते, शाळेच्या इमारतीला होते! १९९२ च्या कायद्याने कॉलेजांना अनुदान देणाऱ्या मंडळावर अशा विद्यार्थ्यांचा विचार करण्याचे बंधन घातले, आणि १९९६ च्या टॉमलिन्सन अहवालाने उणीव विद्यार्थ्यात न शोधता अध्यापनाच्या व्यवस्थेत शोधावी, असे प्रतिपादन केले.

२०१४ च्या कायद्याने शाळा व कॉलेज यांस एकच योजना लागू केली आणि तिची मर्यादा पंचवीस वर्षांपर्यंत नेली. मात्र अठरा वर्षांनंतर शैक्षणिक उद्दिष्टे साध्य झाली की नाहीत, हे स्थानिक अधिकारमंडळ पाहते. ती साध्य झाल्याचे ठरवून योजना बंद झाल्यास त्या तरुणाला न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागते.